साखरेच्या गावाला साखर कशाला न्यायची

आधी ओदालिसताईंचं नाव घेतो, मग बाकीचं. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यावर कायबारिएन नावाचं गाव आहे, तिथे त्या राहतात. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी काही दिवस घरच्यासारखा वावरलो. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. तरी परमुलखात माझी लाज त्यांनी राखली. ती राखताना त्यांच्या घरातलं जे गेलं, ते मी अजून परत केलेलं नाही.

मी नवनाथ. मूळचा बीड जिल्ह्यातला, शिकलो सातवीपर्यंत. कारखाना सुरू झाला की माय-बाप ऊसतोडीला निघायचे आणि गाडीवर सामानाच्या वर आम्ही पोरं. परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला. एका वर्षी गुरुजींनी हजेरीत नाव घेणंच सोडलं, मग मीही जाणं सोडलं. आमच्याकडे तोडणीच्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. माझा धाकटा भाऊ आणि भावजय आजही एक कोयता आहेत. मी एका आचाऱ्याच्या हाताखाली भांडी घासत घासत त्यातून सुटलो, आणि पुढे एका शेठनी मला सिंगापूरला त्यांच्या तोआ पायोहच्या खानावळीत आणलं. त्यांचे उपकार मी रोज मानतो. पण माझा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, त्यांच्या नावावर आहे. तो गेला की मी पुन्हा उसाच्या फडात. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हणतो ते सांगत नाही.

आता प्रवास. सिंगापूरच्याच टॅम्पिनीस आणि बुकित बातोक भागांतल्या तीन मराठी कुटुंबांनी डिसेंबरच्या सुट्टीत क्युबा ठरवलं. आपल्या लोकांची एक रीत आहे: जग बघायचं, पण सकाळी पोहे पाहिजेत. म्हणून बरोबर आचारी न्यायचा. शेठनी मला पाठवलं. निघताना म्हणाले, “नवनाथ, आपल्या मराठी मंडळातली माणसं आहेत. एक तक्रार आली ना, तर पुढचं तिकीट मी थेट औरंगाबादचं काढीन.” ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही.

टॅम्पिनीसला समीरदादांच्या फ्लॅटमध्ये बॅगा भरल्या. समीरदादा म्हणजे पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, आमच्या सहलीचे पुढारी. वजनकाट्यावर एकेक बॅग ठेवत होते. रवा, तूप, पोहे, चहापत्ती, दूध पावडर, मसाले. मी साखरेच्या पिशव्या ठेवल्या तर त्यांनी उचलून बाहेर काढल्या.

“ही कशाला?”

“दादा, चहाला. आणि तुमच्या आईंचा मार्गशीर्षातला गुरुवार येतोय ना मध्ये. नैवेद्य करायचा आहे.”

“अरे, जगाला साखर पुरवणारा देश तो. साखरेच्या गावाला साखर कशाला न्यायची? त्या जागी फरसाण टाक.”

सगळे हसले. मीसुद्धा. साखर निघाली, फरसाण आत गेलं.

कायबारिएन

विमानाचं आणि हवानाचं सांगत नाही, ते सगळ्यांच्या फोनवर आहे. कायबारिएनला शिरताना रस्त्यातच एक प्रचंड सिमेंटचा खेकडा लागतो. नांग्या उगारून उभा. इथे खेकडे फार, म्हणून गावाची खूणच ती. बाकी पर्यटक त्या खेकड्यापाशी फोटो काढतात आणि गावात न थांबता समुद्रात बांधलेल्या लांबलचक रस्त्यानं बेटांवरच्या हॉटेलांकडे जातात. गाव बघायला थांबणारे थोडे. आम्ही थांबलो, कारण हॉटेलात आचाऱ्याला चूल मिळत नाही आणि घरात मिळते. एका गल्लीतल्या तीन घरांत आमची माणसं उतरली. स्वयंपाकघर मात्र एकच, ओदालिसताईंचं.

ताई दारातच म्हणाल्या, “पासा, मी आमोर.” आमचा गाईड योएल हवानाचा होता, त्याला इंग्रजी छान यायचं. त्यानं मला सांगितलं, “आत ये, माझ्या प्रेमा, असं म्हणते.” मी उंबऱ्यावरच थबकलो. तो हसून म्हणाला, “घाबरू नको. इथे पोस्टमनलाही तेच म्हणतात.” मी हात जोडून म्हणालो, “ताई.” त्यांना तो शब्द आवडला. पुढे त्या मलाच ‘ताई’ म्हणू लागल्या. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

पहिल्या संध्याकाळी चहा टाकला. ताईंनी फळीवरून एक मोठी काचेची बरणी काढून माझ्यापुढे सरकवली. तांबूस, जाड दाण्याची साखर. समीरदादा खुर्चीवरून म्हणाले, “बघ, म्हटलं नव्हतं?” आपली माणसं आणि आपला चहा, काय सांगू. सकाळी, नाश्त्यानंतर, दुपारी झोपून उठल्यावर, फिरून आल्यावर. शिवाय पोरांच्या दुधात. बरणी संध्याकाळी तळाला जायची आणि सकाळी पुन्हा भरलेली असायची. मला वाटलं, मागे पोतं असणार. साखरेचं गाव ते.

जेवण ताई त्यांच्या घरचं वेगळं करायच्या: भात आणि काळा घेवडा एकत्र शिजवलेला, वर तळलेलं हिरवं केळं. घेवड्यात डुकराची चरबी असायची, त्यामुळे आमच्यापैकी कुणी शिवलं नाही. मी खाल्लं. परत मागून खाल्लं.

घंटा

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरचा जुना साखर कारखाना बघितला. आता तिथे संग्रहालय आहे. वाफेची इंजिनं रंगवून उभी केलीत, मोठमोठी दातेरी चाकं, चरक, कढया. एका इंजिनात बसवून फिरवूनही आणतात. उसाचा रस मिळतो, त्यात अननस पिळतात. छान लागतो, पण आलं-लिंबू नाही म्हणून मला तो रस वाटलाच नाही.

माहिती सांगणारे म्हातारे आजोबा पूर्वी याच कारखान्यात कामाला होते. ते सांगत, योएल इंग्रजी करी, मला कळेल तेवढं मी धरी. गाव वसलं ते साखरेमुळेच. आतल्या मुलखात ऊस, मध्ये रेल्वे, काठाला गोदामं. समुद्र इथे उथळ, म्हणून पोती सपाट तळाच्या होड्यांत घालून लांब उभ्या जहाजांपर्यंत न्यायची. व्यापाऱ्यांनी खांबांचे वाडे बांधले, चौकात बँडसाठी मांडव बांधला. आणि ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली. विकत. ती पुरेनात तेव्हा चीनमधून करार करून आणली. करार कसला, सुटकाच नव्हती. मला आमच्या तोआ पायोहच्या ब्लॉकखाली बुद्धिबळ खेळत बसणारे चिनी अंकल आठवले. त्यांचंही कुणी असेल इथल्या मातीत.

आवारात एक जुनी घंटा टांगलेली होती. आजोबा म्हणाले, मळ्यावरच्या माणसांचा दिवस हिच्यावर उघडायचा आणि हिच्यावर मिटायचा. हिच्या आवाजाला जो उठला नाही त्याला चाबूक.

योएलचं वाक्य संपलंही नव्हतं तोवर समीरदादा म्हणाले, “ईशान, वाजव वाजव. इकडे बघ. स्माइल.” ईशान त्यांचा मुलगा, नऊ-दहा वर्षांचा. पोरानं दणादण वाजवली. मग बाकीची पोरं, मग मोठी माणसं. कुणी दोर हातात धरून, कुणी कानावर हात ठेवून. एक वहिनी म्हणाल्या, “देवळातल्यासारखी वाटते ना?”

माझ्या डोक्यात तिडीक उठली. आमच्या कारखान्याला भोंगा होता. भोंगा झाला की माय पाचट झटकत उठायची, ताप असला तरी. त्या भोंग्यापाशी उभं राहून कुणी माझ्या मायसमोर फोटो काढला असता तर? पोराला मी काही म्हणत नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. पण मोठ्यांना इंग्रजी माझ्याहून शंभरपट चांगलं येत होतं. मला कळलं ते त्यांना कळलं नाही असं कसं म्हणू? ऐकलं होतं सगळ्यांनी. ऐकून वाजवली.

 सगळे पुढे गेल्यावर आजोबांनी घंटेला तळवा लावला आणि तिचा आवाज पुरता थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. मी दादांना अडवलं नव्हतं. मला पास दिसत होता.

बरणी

बुधवारी दुपारी सगळे झोपले होते. मी परसात भांडी वाळत घालत होतो तेव्हा शेजारच्या बाईंनी, केसांना रंगीत नळ्या गुंडाळलेल्या, भिंतीवरून कागदाची पुडी ताईंच्या हातात दिली. ताईंनी आत येऊन ती बरणीत रिकामी केली. साखर.

मी योएलला गाठलं. तो पायरीवर बसून बूट पुसत होता.

“इथे साखर कुठून आणतात?”

“रेशनवर. महिन्याची ठरलेली.”

“आणि बाकी? दुकानात?”

“कधी असते. सध्या या गावात नाही.”

“मग ही बरणी?”

त्यानं बूट खाली ठेवला. “तुमच्या पहिल्या दोन दिवसांत तिच्या घरची महिन्याची संपली. आता गल्ली भरते आहे. मला तिनं सांगितलं, तुम्हाला सांगायचं नाही. पाहुणे आहेत म्हणाली.”

 त्याच पायरीवरून समोर कारखान्याचं धुराडं दिसत होतं, बरीच वर्षं थंड. ताईंचे यजमान त्याच कारखान्यात होते, कारखाना बंद झाला आणि काही वर्षांत तेही गेले. ज्या गावानं एवढी जहाजं भरली, तिथली बाई शेजारणीकडून पुडी मागत होती, आमच्या दुपारच्या चहासाठी. आणि मला हे माहीत असायला नको होतं का? आमच्या पालावरही हेच होतं. दिवसभर ऊस आमच्या हातात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, चहाला गुळाचा खडा, आणि साखर आणली तर पावशेर, तीही पाहुणा आला तर. साखर पिकते तिथे साखर असते, हे कुणी सांगितलं? ज्यांनी ती फक्त विकत घेतली त्यांनी.

मी योएलला घेऊन आत गेलो आणि समीरदादांना उठवून सांगितलं. ते डोळे चोळत म्हणाले, “साखरेच्या गावात साखर नाही म्हणजे काय? बाई साठवून ठेवत असेल. योएल, तिला सांग, जास्तीचे पैसे देतो.”

योएल म्हणाला, “हे मी तिला सांगणार नाही.”

“का?”

“दुकानात जे नाही ते ती पैशांनी कुठून आणणार?”

समीरदादा माझ्याकडे वळले. “ते तुमचं तुम्ही बघा. उद्या गुरुवार आहे. आई दिवसभर उपाशी राहणार. शिरा झाला पाहिजे, आणि जेवणानंतर सगळ्यांना डिश भरून. स्वीट म्हणून तोच आहे. साखरेचं बघणं आचाऱ्याचं काम असतं, नवनाथ. शेठना मी काय सांगू, आचारी साखर विसरला?”

मी विसरलो नव्हतो. पण तोंडातून निघालं, “नाही दादा, बघतो.”

वसुधाकाकू, समीरदादांच्या आई, आतून म्हणाल्या, “अरे, केळं ठेवलं तरी चालतं देवीला.”

“आई, तू गप्प बस.”

गुरुवार

सकाळी मी साखर शोधायला बाहेर पडलो, आणि गाव खरं त्या दिवशी बघितलं. समुद्राकाठचा लांब कठडा, त्यावर गळ टाकून बसलेली माणसं. काठाची गोदामं, भिंती तेवढ्या उरलेल्या, आतून आभाळ दिसतं. चौकातला गोल मांडव, त्याच्या पायऱ्यांवर शाळेची पोरं. एका वखारीत दार ओढून ठोकठोक चाललेली; डोकावलो तर दोघांनी मला हसत बाहेर ढकललं. वर्षअखेरीला इथे दोन वस्त्यांची चुरस असते, देखावे आणि फटाके. एकमेकांचा देखावा आधी दिसू द्यायचा नाही. आमच्या गणपती मंडळांचंच. ढकलणाऱ्यांना मी खुणेनं ‘साखर’ विचारली, तर त्यांनी मला घोटभर रम दिली. गुरुवार होता. मी ओठाला लावून परत केली.

दुकानात तेल होतं, साबण होता, रम भरपूर होती. साखर नव्हती. रमला साखर मिळते, माणसाला नाही, असं मी त्या दुकानात मराठीत मोठ्यानं म्हणालो. दुकानदारीण मान हलवून हो म्हणाली. काय कळलं तिला कोण जाणे.

परत येताना डोक्यात तेच. शेठचा आवाज, औरंगाबादचं तिकीट, भावाच्या हातातला कोयता.

स्वयंपाकघरात शिरलो तर टेबलावर भांडी मांडलेली. एक कान तुटलेला कप. स्टीलची वाटी. लहान बाळाची दुधाची बाटली. औषधाची रुंद तोंडाची बाटली. जामची बरणी. पत्र्याचा डबा. प्रत्येकात साखर, कशात तळाशी, कशात अर्धी. ताई टेबलाशी उभ्या. बोटानं एकेक भांडं दाखवून नावं सांगत होत्या, घरोघरची. मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. “ताई,” मला म्हणाल्या.

मी रवा भाजायला घेतला. तूप आपलं, केळी तिथली. भाजताना एकच गोष्ट डोक्यात: जेवणानंतर सगळ्यांना डिश भरून.

संध्याकाळी काकूंनी पूजा मांडली. कलशावर नारळ, भोवती परसातली आंब्याची पानं. पोथी वाचली. आरतीच्या आवाजानं गल्लीतल्या बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या, नळ्यावाल्या शेजारीणबाई पुढे. नैवेद्य दाखवून झाला. मी काकूंच्या जवळ जाऊन विचारलं, “काकू, प्रसाद आधी घरात की आधी दाराशी आलेल्यांना?”

“दाराशी आलेल्यांना, हे काय विचारणं झालं?”

“आणि कुणाचं भांडं आलं असेल तर?”

काकूंनी टेबलाकडे पाहिलं. तो कप, ती वाटी, ती बाटली. सकाळपासून उपाशी बाई, पण डोळे लख्ख. “रिकामं परत देतात का कुणाचं भांडं? भर.”

मी भरलं. कपात भरला, वाटीत भरला, डब्यात, जामच्या बरणीत, औषधाच्या बाटलीत चमच्याच्या दांड्यानं दाबून. बाळाच्या बाटलीत जाईना, तो ताटलीत काढून वर बाटली ठेवली. काकू स्वतः उठल्या आणि दारातल्या प्रत्येकीला हळदकुंकू लावून भांडं हातात दिलं. ताईंना लावताना योएल हळूच म्हणाला, “ती विधवा आहे.” त्याला कुणीतरी आपल्या चालीरीती सांगितल्या असणार. काकू म्हणाल्या, “मग काय झालं. मीही आहे.” आणि लावलं.

पातेल्यात उरला तो आमच्या माणसांना चमचा-चमचा आला.

समीरदादा रिकामी डिश घेऊन उभे. “हे काय? स्वीटचं काय?”

“प्रसाद होता दादा. झाला वाटून.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

आणि मग मी बोललो.  “दादा, साखर त्यांची होती. आपण त्यांची महिन्याची साखर चहात ढवळून प्यालो. टॅम्पिनीसला मी ठेवत होतो, तुम्ही काढली. त्याबद्दल माझं म्हणणं नाही, मीही हसलो तेव्हा. पण ही बाई साठवते असं तुम्ही म्हणालात. ती घंटाही तुम्ही वाजवलीत. माझ्या मायनं जन्मभर ऊस तोडला दादा. तुमच्या चहात ती आहे.”

 समीरदादा म्हणाले, “शेठशी बोलतो मी.” आणि त्यांनी डिश टेबलावर ठेवली.

शेवटच्या सकाळी मी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला. ईशान घोट घेऊन सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “अंकल, धिस वन नॉट स्वीट ला.”

“शुगर फिनिश,” मी म्हणालो.

“हू फिनिश?”

“वी फिनिश.”

पोरगं कपात डोकावलं. मग प्यायलं. बापानं कप तसाच ठेवला.

तोआ पायोह

शेठना फोन आलाच. त्यांनी मला गल्ल्यापाशी बोलावलं. मी पासचाच विचार करत गेलो. ते म्हणाले, “समीर म्हणतो, तू भाषण दिलंस.”

“दिलं.”

“त्याच्या आईचाही फोन आला. ती म्हणते, असा शिरा तिनं जन्मात खाल्ला नाही. चमचाभरच मिळाला म्हणाली.” शेठनी गल्ला बंद केला. “आता मी दोघांना काय सांगू?”

पास राहिला. काकूंमुळे राहिला, त्यांचेही उपकार आहेत. पण सहलीवर पाठवणं बंद. मी पुन्हा मागच्या बाजूला, कांदे आणि कणीक. गिऱ्हाइकासमोर नाही. तक्रार नाही माझी, म्हणजे आहे, पण ती शेठबद्दल नाही. माझी तक्रार आहे ती त्या चकचकीत पत्रकांबद्दल, ज्यांत कायबारिएन म्हणजे रंगीत घरं, जुन्या मोटारी, रम आणि खेकडा. ती पत्रकं वाचून तुम्ही जाल. जा, गाव सुंदर आहे. पण घंटेला हात लावू नका. आणि बॅगेत साखर ठेवा. कुणी वजनकाट्यावर हसलं तर फरसाण काढा.

हे मंडळाच्या अंकात आलं तर समीरदादाही वाचतील. वाचू देत.

निघायच्या दिवशी मी भांडी मोजली नाहीत, पण मला माहीत होतं, गल्लीतलं प्रत्येक भांडं भरून गेलं होतं. एक राहिलं. ओदालिसताईंची काचेची बरणी. मी ती घासून, पुसून फळीवर ठेवली होती, रिकामी. माझ्या हातानं मी एका घरात रिकामं भांडं ठेवून आलो. माय ऐकेल तर जेवायची नाही त्या दिवशी.

आता मला कुणी क्युबाला पाठवणार नाही, तेव्हा स्वतःच्या तिकिटावर जावं लागेल. किती वर्षं लागतील ते माहीत नाही. पण ताई, मी येईन. तुम्ही ‘पासा, मी आमोर’ म्हणाल, मी उंबऱ्यावर अडखळणार नाही. थेट फळीपाशी जाईन आणि ती बरणी साखरेनं काठोकाठ भरीन, दाबून, झाकण बसणार नाही इतकी. आणि त्या दिवशी चहा तुम्ही करायचा, मी पाहुणा.